नऊ डर्बी आणि कपभर कॉफी

माझा मामा घोड्यांचा डॉक्टर. पुण्याच्या आसपासचे स्टड फार्म आणि रेसकोर्सवरच्या पागा यांत त्याची जवळपास चाळीस वर्षं गेली. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, पण पावसाळ्यात पुण्याचा रेसचा हंगाम लागला की अजूनही तो पहाटे उठून एम्प्रेस गार्डनच्या बाजूने चालत जातो, कठड्याला टेकून घोड्यांचं सकाळचं काम बघतो आणि चिखलाच्या चपला दारात काढून चहा मागतो. त्याच्या टेबलाच्या काचेखाली दोनच गोष्टी आहेत : मामीचा फोटो आणि लेस्टर पिगट गेल्याची बातमी. २९ मे २०२२ रोजी पिगट जिनिव्हात वारला, वयाच्या ८६व्या वर्षी. मामाने ते कात्रण कापलं तेव्हा मी तिथेच होते. कात्री हातात धरून तो बराच वेळ बसून राहिला होता, घरातलं कुणी गेल्यासारखा.

मी आहारतज्ज्ञ आहे. जुलैतल्या ज्या रविवारी आमचं हे बोलणं झालं, त्याच्या दोन दिवस आधी माझ्याकडे एक रायडिंग बॉय आला होता. एकोणीस वर्षांचा. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. मनगटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती लगेच खाली बसत नव्हती. वजन ४९ किलो, आणि ते त्याला बुधवारपर्यंत ४७ करायचं होतं. "पाणी किती पितोस?" असं विचारलं तर म्हणाला, "बाटलीच्या झाकणाने. सकाळी दोन झाकणं, रात्री दोन."

हे मी मामाला सांगितलं. त्याच्या पुढ्यात पोह्यांची बशी होती. तो म्हणाला, "पिगटने सारी उमर अशीच काढली, अगं." आणि त्याच्या आवाजात चक्क कौतुक होतं. तिथून आमची जुंपली.

"मामा, मी तुला एका आजारी मुलाबद्दल सांगतेय."

"ऐकलं मी. त्या पोराला आधी पाणी पाज, ते बरोबरच आहे. पण तू ज्या तोंडाने त्या धंद्याबद्दल बोललीस ना, ते मला लागलं. पिगटचं नाव तुला माहीत आहे, माणूस माहीत नाही."

"मग सांग."

सांगायला लागला की मामाला थांबवता येत नाही. पिगट १९३५ सालचा, इंग्लंडातल्या वाँटेजचा. आजोबा अर्नी पिगट ग्रँड नॅशनल जिंकलेले. वडील कीथ आधी जॉकी, मग ट्रेनर. आई रिकाबी घराण्यातली, आणि त्या घरातही पिढ्यान्‌पिढ्या जॉकीच. १८ ऑगस्ट १९४८ला हेडॉक पार्कवर 'द चेस'वर बसून लेस्टर पहिली शर्यत जिंकला तेव्हा तो बारा वर्षांचा होता. अठराव्या वर्षी, १९५४ साली, 'नेव्हर से डाय'वर त्याने एप्समची डर्बी मारली. या घोड्यावर तेहतीसास एक असा भाव होता, म्हणजे कुणालाच आशा नव्हती. पुढे आणखी आठ डर्बी, शेवटची १९८३ला 'टीनोसो'वर. ब्रिटनमध्ये एकूण ४,४९३ शर्यती, तीस क्लासिक, अकरा वेळा चॅम्पियन जॉकी. नऊ डर्बी आजवर दुसऱ्या कुणाला जमलेल्या नाहीत.

"बारा वर्षांचा," मी म्हटलं. "सातवीतलं पोर. त्याला कुणी विचारलं होतं का, बाळा, तुला काय व्हायचंय?"

"तबलजीच्या घरातल्या पोराला विचारतात? पाचव्या वर्षी त्याच्यापुढे डग्गा ठेवतात. घराणं म्हणजे तेच. त्या वयात हाताला जे कळतं ते विसाव्या वर्षी शिकवून येत नाही."

"तबला अंगावर पडून मान मोडत नाही, मामा. आणि तबलजीला आई म्हणत नाही की आज जेवू नकोस, उद्या बैठक आहे."

यावर तो काही बोलला नाही. मी उठून त्याच्या टेबलावरचा कागद घेतला आणि आकडेमोड केली. पिगटची उंची पाच फूट आठ इंच. जॉकींमध्ये ती इतकी जास्त की इंग्लंडात त्याला 'लाँग फेलो', म्हणजे लांबुडका, म्हणायचे. वजन त्याने वर्षानुवर्षं साडेत्रेपन्न किलोच्या आसपास धरून ठेवलं. त्या हाडापेराच्या माणसाचं वजन, त्याला नीट जेवू दिलं असतं तर, दहा-बारा किलोंनी सहज जास्त भरलं असतं. उंची आणि वजनाचं गुणोत्तर काढलं तर येतं १७.९. साडेअठराच्या खाली आकडा गेला की आम्ही त्या माणसाला कमी वजनाचा म्हणतो आणि कारण शोधायला लागतो. इथे कारण शोधावं लागत नव्हतं. सकाळी एक कप कॉफी आणि एक सिगार हा त्याचा नाश्ता साऱ्या जगाला ठाऊक होता, आणि लोक तो गमतीने सांगायचे.

"हा आकडा तू मला कुठल्याही बाईचा, पुरुषाचा दाखव," मी म्हटलं, "मी म्हणेन, याला घरी पाठवू नका. आणि या माणसाला तुम्ही घोड्यावर बसवलंत. तेही एकदा नव्हे, हजारो वेळा."

"पण तो ८६ वर्षं जगला."

"तो जगला म्हणून त्याचं कात्रण तुझ्या काचेखाली आहे. फ्रेड आर्चर नाही जगला."

आर्चरचं नाव माझ्या तोंडून येईल असं त्याला वाटलं नव्हतं. शुक्रवारी त्या मुलाला सलाइन लावायला पाठवल्यावर मी रात्री बसून वाचलं होतं. फ्रेड आर्चर हा एकोणिसाव्या शतकातला पिगट. सलग तेरा वर्षं चॅम्पियन जॉकी, पाच डर्बी. हाही उंच. १८८६च्या शरदात केंब्रिजशर शर्यतीसाठी त्याने उपाशी राहून, जुलाबाची औषधं घेऊन वजन उतरवलं, तरी शर्यत अगदी थोडक्यात गेली. त्या खंगलेल्या अंगात विषमज्वर शिरला, आणि ८ नोव्हेंबरला तापाच्या भरात त्याने स्वतःवर गोळी झाडली. वय २९.

मामाने बशी बाजूला सारली. "आर्चरच्या वेळी बायको गेल्याचं दुःखही होतं," तो म्हणाला, "बाळंतपणात गेली होती ती. सगळंच भुकेवर नको लादू."

"नाही लादत. पण ताप आला तेव्हा झुंजायला अंगात काही शिल्लक नव्हतं, हे तर तू डॉक्टर म्हणून कबूल करशील?"

"करतो," तो म्हणाला. मग उठला आणि माझी ओढणी मागितली.

मला वाटलं हात पुसायचा आहे. त्याने ओढणीची पट्टी केली, मधोमध खुर्चीच्या पाठीवरून पुढे टाकली आणि तिची दोन्ही टोकं माझ्या हातात दिली. "हा लगाम. घट्ट धर. आणखी घट्ट." मी धरला. खुर्चीच्या पलीकडे उभं राहून त्याने ओढणी दोन बोटांत घेतली आणि हलकेच स्वतःकडे ओढली. मी नकळत मागे खेचली. त्याने आणखी ओढली, मी आणखी खेचली. "हे सगळे करतात," तो म्हणाला. "घोडा ओढतो, माणूस ओढतो, आणि पाचशे किलोंच्या जनावरापुढे माणूस मैलभरात दमतो. आता हात सैल सोड. सोडून नको देऊस, नुसता सैल. मी ओढलं की माझ्याबरोबर ये, मी थांबलो की तूही थांब." दोनतीनदा चुकले. मग एकदा असं झालं की ओढणी ताणलेलीही नव्हती आणि लोंबतही नव्हती, आणि तो बोट हलवायच्या आतच ते हलणार हे मला कळलं. त्याच्या चेहऱ्यावर एकदम हसू आलं.

"हे. याच्यासाठी तो पिगट. त्याला जन्मापासून नीट ऐकू येत नव्हतं, बोलणंही अडखळायचं. मला नेहमी वाटत आलंय की माणसांकडून जे त्याला ऐकू येत नव्हतं ते तो घोड्याच्या तोंडातून हातांनी ऐकायचा. सर आयव्हरची डर्बी बघ. १९६८."

आणि मग मामाने ती शर्यत सांगितली. मी ती आता चित्रफितीत पाहिली आहे, पण त्याने सांगितली तशीच माझ्या लक्षात आहे. एप्समची धाव दीड मैलाची. सुरुवातीला चढ, मग टॅटनहॅम कॉर्नरच्या वळणापर्यंत उतार, आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात जमीन आतल्या कठड्याकडे कललेली. दमलेला घोडा तिथे आपोआप आत घसरतो. 'सर आयव्हर'चा वेग भयंकर, पण दीड मैल त्याला झेपेल की नाही याची सगळ्यांना शंका. शेवटचा पट्टा सुरू झाला तेव्हा 'कॉनॉट' कितीतरी लांब्या पुढे. कुठलाही जॉकी तिथे घाबरून टाच मारेल. पिगट मारत नाही. तो बसून आहे, म्हणजे बसलेलाही नाही; रिकिबी इतक्या आखूड की बूड आभाळात आणि नाक आयाळीला लागलेलं, पण हात जागचे हललेले नाहीत. श्वास पुरवून ठेवलेल्या घोड्याजवळ एकच उसळी आहे हे त्याला माहीत आहे, आणि ती आधी खर्चली तर परत मिळणार नाही हेही. तो घोड्याला बाहेर काढतो आणि शेवटच्या शंभर यार्डांत सोडतो. दीड लांबीने डर्बी.

"त्या शर्यतीत मारझोड नाही, घाई नाही," मामा म्हणाला. "एवढा मोठा समुदाय ओरडतोय, पुढचा निघून चाललाय, आणि हा थांबलाय. असं थांबणारी माणसं मी माझ्या उभ्या आयुष्यात चारपाच पाहिली असतील."

मला मान्य करावं लागलं. मी म्हटलं, "हे सुंदर आहे. पण चारच वर्षांनी त्याच रस्त्यावर, त्याच माणसाने काय केलं तेही सांग."

तो ओशाळला. मला काय म्हणायचं होतं ते त्याला ठाऊक होतं. १९७२च्या डर्बीत 'रॉबेर्तो'वर ऑस्ट्रेलियाचा बिल विल्यमसन बसायचा होता. तो काही दिवस आधी पडून जखमी झाला होता. डॉक्टरने त्याला तंदुरुस्त ठरवलं, पण घोड्याच्या मालकाने त्याला उतरवून पिगटला चढवलं. शेवटच्या फर्लाँगात 'रॉबेर्तो' आणि 'रीनगोल्ड' अंगाला अंग घासत धावले, आणि पिगटने चाबूक असा चालवला की निकाल फोटोवर गेला तरी लोकांच्या लक्षात राहिले ते फटकेच. पिगट जिंकला. एप्समच्या लोकांनी डर्बीविजेत्याला हवं तसं डोक्यावर घेतलं नाही. त्याच दुपारी विल्यमसनने दोन शर्यती जिंकल्या आणि टाळ्या त्याला पडल्या.

"लोकांना कळतं, मामा. त्यांनी त्या दिवशी निकाल दिला."

"दिला. मी त्या फटक्यांचं समर्थन करणार नाही. त्या वेळी नियम सैल होते. आता ब्रिटनमध्ये सपाट शर्यतीत सहाच्या वर फटका गेला की जॉकीवर कारवाई होते, आणि ते योग्यच आहे. पिगट असा होता की जिंकण्यासाठी काहीही करेल. १९७९ला फ्रान्समध्ये, दोव्हिलला, धावता धावता त्याचा चाबूक पडला, तर याने शेजारच्या जॉकीच्या हातातला ओढून घेतला. वीस दिवसांची बंदी आली. १९८४ला सेंट लेजरमध्ये 'कमांची रन'वर दुसरा जॉकी बसायचा होता, त्यालाही उतरवून हाच बसला, आणि ती त्याची अठ्ठाविसावी क्लासिक. फ्रँक बकलचा सत्तावीसचा विक्रम दीडशेहून जास्त वर्षं उभा होता, तो असा मोडला. मी हे लपवत नाही."

"आणि तरी काचेखाली?"

"काचेखाली त्याचे हात आहेत," मामा म्हणाला. "स्वभाव नाही."

एवढ्यात मामीने चहा आणला. चहा येईपर्यंत आमचं कुणाचंच पारडं जड झालं नव्हतं. मग मी ज्यासाठी आले होते तो प्रश्न काढला.

"मला एक सांग. डर्बीत सगळ्या घोड्यांच्या पाठीवर किती वजन असतं?"

"त्याच्या वेळी नऊ स्टोन. सत्तावन्न किलो. खोगीर धरून. सगळ्या नरांना सारखं. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्याला जास्त आणि साध्याला कमी देतात, म्हणजे सगळे बरोबरीने यावेत. डर्बीत तसं नाही."

"म्हणजे त्याने नऊच्या नऊ डर्बी सारख्या वजनावर जिंकल्या. वजन कमी म्हणून नव्हे. हात चांगले म्हणून."

"बरोबर."

"मग ते वजन सत्तावन्नऐवजी बासष्ट असतं, सगळ्यांनाच बासष्ट, तर निकाल बदलला असता?"

मामा चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. "निकाल नसता बदलला," तो सावकाश म्हणाला. "पण घोड्याचे पाय? तू माणसाची डॉक्टरीण आहेस, मला त्या पायांचं उत्तर द्यावं लागतं. तीन वर्षांचं पोरगं असतं ते. हाडं अजून पक्की व्हायची असतात. ताशी साठ किलोमीटरने जाताना एका क्षणी सगळा भार एका पायावर, गुडघ्याखालच्या नळीवर. तिथे तू मला पाच किलो वाढवायला सांगतेस."

हा मुद्दा मोठा होता आणि त्याने तो मनापासून मांडला होता. मी लगेच उत्तर दिलं नाही. पण पिगटनेच मला उत्तर देऊन ठेवलं होतं. तरुणपणी त्याचं वजन वाढेल आणि तो घरच्यांसारखा अडथळ्यांच्या शर्यतींकडे वळेल असं बरेच जण म्हणत. त्या शर्यतींत वजनं जास्त असतात. १९५४लाच, डर्बीच्या काही महिने आधी, त्याने हर्स्ट पार्कला 'ट्रायम्फ हर्डल' जिंकली होती.

"ते अडथळ्यांवरून उड्या मारणारे घोडे," मी विचारलं, "ते किती किलो नेतात?"

"त्रेसष्टपासून पंचाहत्तरपर्यंत."

"आणि उडी मारून उतरताना भार कुठे जातो?"

"ते घोडे वयाने मोठे असतात," तो म्हणाला, पण त्याच्या आवाजातला जोर गेला होता. "आणि त्यांचा वेग कमी असतो." थोडं थांबून तो म्हणाला, "पण तुझं खोटं नाही. पाच किलोंनी नळी मोडत नाही. मी मोडलेल्या नळ्या पाहिल्यात. आधी बारीक चीर असते, पाय गरम लागतो, मोतद्दार सांगतो की साहेब, आज उजवा पाय जरा जपून टाकतोय. आणि तरी रविवारी घोडा लागलेला असतो, कारण पैसे लागलेले असतात. तिथे मोडते नळी."

मग त्याने मला एका सकाळची गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. नाव, जागा मी लिहीत नाही. सकाळच्या कामात एका घोडीचा पुढचा पाय गेला. पडदा लावला, मामाने सुई भरली. घोडीचं डोकं मोतद्दाराने मांडीवर घेतलं होतं. ती गेल्यावर तो म्हातारा हलेना. पडदा काढला, गाडी आली, तरी तो तसाच बसून तिच्या कपाळावरची पांढरी चांदणी अंगठ्याने पुसत होता, चिखल लागला होता म्हणून. "आदल्या दिवशी त्यानेच सांगितलं होतं मला," मामा म्हणाला. "आणि मी लिहून दिलं होतं की नका पळवू. पळवली."

मामी आतून बाहेर आली होती. ती काही न बोलता त्याच्या शेजारी बसली.

मी मुद्दाम पुढचं विचारलं, कारण ते माहीत असूनही न बोलणं मला खोटेपणाचं वाटलं असतं. पिगटचं पुनरागमन. १९८५ला त्याने जॉकी म्हणून निवृत्ती घेतली, न्यूमार्केटला ट्रेनर झाला, आणि १९८७ला करचुकवेगिरीबद्दल त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. बत्तीस लाख पौंडांहून अधिक उत्पन्न त्याने दडवलं होतं. ३६६ दिवस तो तुरुंगात होता. राणीने दिलेला ओबीई किताब काढून घेतला गेला. मला वाटत होतं की लहानपणापासून घास मोजत आलेल्या माणसाला सोडता काहीच येत नसणार, पैसाही नाही. मी तसं बोलले, तर मामा माझ्यावरच उखडला. "अजिबात नको. उपाशी राहणारे शेकडो जॉकी कर भरतात. त्याने लबाडी केली, शिक्षा भोगली, संपलं. भुकेची कणव तिथे नको वापरू."

मी ते मागे घेतलं. आजही मला तो बरोबर वाटतो.

तुरुंगातून सुटून, ऑक्टोबर १९९० मध्ये, चोपन्नाव्या वर्षी पिगट पुन्हा घोड्यावर बसला. परत आल्यावर बाराव्या दिवशी, २७ ऑक्टोबरला, न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कवर ब्रीडर्स कप माइलमध्ये 'रॉयल ॲकॅडमी' त्याच्याकडे होता. मधेच घोडा अडखळला, मागे पडला, आणि पिगटने त्याला शेवटच्या पट्ट्यात बाहेरून आणून मानेच्या अंतराने जिंकवलं. रेसचा इतिहास लिहिणारे ही शर्यत सोडत नाहीत.

"त्याच दिवशी," मी म्हटलं, "त्याच रेसकोर्सवर 'गो फॉर वाँड' मोडली."

"हो." मामाला सगळं माहीत होतं. "आघाडीवर होती. 'बायाकोआ'बरोबर डोक्याला डोकं. पाय मोडला तरी उठून प्रेक्षकांपुढून लंगडत गेली. त्याआधी स्प्रिंट शर्यतीत आणखी दोन घोडे गेले होते. आणि दोन वर्षांनी, १९९२ला, गल्फस्ट्रीमला 'मिस्टर ब्रुक्स'चा पाय मोडला तेव्हा पिगटच वर होता. सत्तावन्न पूर्ण व्हायला पाच दिवस होते. गळ्याचं हाड गेलं, बरगड्या गेल्या. घोड्याला तिथेच झोपवावं लागलं."

"आणि तरी?"

"आणि तरी," तो म्हणाला, "सर आयव्हर खरा आहे. दोन्ही खरं आहे. मला या दोन्हींतलं एक पुसता येत नाही, पोरी."

पाऊस थांबला होता. मामीने पोहे गरम करून परत आणले आणि त्याने ते संपवले. मग म्हणाला, "पण तुझ्या वजनाच्या मुद्द्यावर मी हरलो. लिही तसं. हात लागतात, डोळा लागतो, छाती लागते. एक्क्याऐंशी साली एप्समला घोड्याने त्याला स्टार्टिंग स्टॉलखाली घुसळलं, कान तुटून लोंबत होता, आणि आठवड्याभरात पट्ट्या बांधून त्याने वन थाउजंड गिनीज जिंकली. ती छाती लागते. उपास नाही लागत. उपास आपण घातलाय, एक आकडा कागदावर लिहून. ब्रिटनमध्ये तो आकडा टप्प्याटप्प्याने वर नेलाय. रेसकोर्सवरच्या घाम काढायच्या खोल्या, सौना, २०२१ला कायमच्या बंद केल्यात. तिथल्या कुठल्या शर्यतीची शान गेली?"

"आपल्याकडे?"

"आपल्याकडे आधी ते पोरगं पाठव माझ्याकडे. तो कुणासाठी काम करतो ते मला बघू दे."

मुलगा मंगळवारी मामाकडे गेला. बुधवारी तो घोड्यावर बसला नाही. त्याच्या जागी दुसरा बसला, आणि त्यासाठी त्याला बोलणी खावी लागली. मामाने दोनतीन जुन्या ओळखीच्या ट्रेनरांना फोन केले. आता तो एका पागेत सकाळच्या कामाला आहे, ५३ किलोंवर, आणि मामा कठड्याला टेकून त्याचे हात बघतो. हात चांगले आहेत म्हणतो.

पिगटची ब्रिटनमधली शेवटची जिंकलेली शर्यत ऑक्टोबर १९९४ची, हेडॉक पार्कवरच, जिथे बाराव्या वर्षी पहिली जिंकली होती. त्या छेचाळीस वर्षांत त्याने काय खाल्लं नाही याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

पुण्याचा हंगाम आता सुरू आहे, मग मुंबईचा, महालक्ष्मीचा सुरू होईल. हे वाचणाऱ्यांत घोड्यांचे मालक असतील, ट्रेनर असतील, क्लबचे सभासद असतील. तुमच्या शर्यतींचं किमान वजन चारपाच किलोंनी वर न्या. सगळ्यांचंच वाढेल, त्यामुळे हरणार कुणीच नाही. ते होईपर्यंत एवढं करा. सकाळी पागेत गेलात की घोड्याने चंदी किती खाल्ली हे तुम्ही विचारताच. त्याच्या पाठीवर बसणाऱ्या पोराने काल रात्री काय खाल्लं, तेही विचारा.